गोल्डफिशचे दुखणे आणि लखनौची प्रयोगशाळा

२०१६ साली ‘ॲक्टा ट्रॉपिका’ या आंतरराष्ट्रीय संशोधन-नियतकालिकात भारतीय शास्त्रज्ञांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता गोल्डफिशच्या साथीचा. शोभेचे मासे वाढवणाऱ्या शेततळ्यांतील गोल्डफिश मोठ्या संख्येने मरत होते. त्यांची तपासणी केली तेव्हा शास्त्रज्ञांना एकाच माशात दोन शत्रू सापडले. एक होता ‘सायप्रिनिड हर्पिसव्हायरस-२’ नावाचा विषाणू, तर दुसरा ‘एरोमोनास हायड्रोफिला’ हा जिवाणू. हा जिवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. भारतातील गोड्या पाण्यातल्या शोभिवंत माशांच्या शेतीत विषाणूजन्य साथीचा हा पहिलाच पुरावा, अशी नोंद निबंधाच्या शीर्षकातच होती.

ही बातमी कोठे गाजली नाही, आणि ते स्वाभाविकही होते. दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत फिरणारा मासा मेला तर घरातले मूल दोन दिवस हिरमुसते आणि रविवारी बाजारातून दुसरा मासा येतो. मात्र त्या निबंधामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आजारी माशाला नेमके झाले काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यास माणूस कसकसा शिकला, याचा तो इतिहास. या इतिहासाचे शेवटचे काही अध्याय ज्या शहरांत लिहिले गेले, त्यांत लखनौचे नाव महत्त्वाचे आहे.

लखनौ आणि मासा यांचे नाते जुने आहे. अवधच्या नवाबांचे चिन्हच मुळी माशांच्या जोडीचे. पहिला नवाब सआदत खान बुऱ्हान-उल-मुल्क नदी ओलांडत असताना त्याच्या मांडीवर मासा उडून पडला आणि तो शुभशकुन मानला गेला, अशी आख्यायिका सांगतात. बडा इमामबाडा पाहा किंवा कैसरबागेची दारे पाहा, कमानींवर समोरासमोर वळलेले दोन मासे आजही दिसतात. उत्तर प्रदेशच्या राज्यचिन्हातही ते आहेत. मराठी वाचकालाही हे चिन्ह अगदीच परके नाही. मोगल बादशाहीतील ‘माही-मरातिब’ हा माशाच्या चिन्हाचा बहुमान महादजी शिंद्यांच्या काळात मराठ्यांपर्यंत पोहोचला होता.

गोमतीच्या उत्तर तीरावर निशातगंज आहे. दुकाने, शिकवण्या, दवाखाने आणि दाटीने उभी घरे असा हा मध्यमवर्गीय भाग. जवळच बादशाहबागेत लखनौ विद्यापीठ आहे, तर शहराच्या दुसऱ्या अंगाला, दिलकुशा-तेलीबागच्या बाजूला कालव्याकाठच्या रस्त्यावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो. निशातगंजमधील एखाद्या घरात दोन फुटी टाकीतला गोल्डफिश एका सकाळी तळाशी बसून राहिला, खाईनासा झाला, त्याचे पर अंगाला चिकटले, तर त्या दुखण्याला नाव देऊ शकणारे दोन मोठे ज्ञानप्रवाह याच शहरात आहेत. मधल्या वाटेवर मात्र असते ते दुकान आणि त्यातली निळ्या औषधाची बाटली. त्या बाटलीपासून त्या प्रयोगशाळेपर्यंतचे अंतर विज्ञानाने कसे कापले, ते क्रमाने पाहू.

पहिला टप्पा : पाणी

घरात काचेच्या टाकीत मासे जगवता येतात, हेच मुळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिद्ध झाले नव्हते. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९-५० मध्ये एका काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा परस्परांवर तोललेला हा छोटा संसार म्हणजे आजच्या फिश टँकचा मूळपुरुष. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यगृह उघडले आणि काचेच्या टाकीचे वेड युरोपभर पसरले. भारतात या वेडाला सार्वजनिक रूप देणाऱ्या वास्तूंपैकी आपल्या ओळखीची वास्तू म्हणजे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय.

वॉरिंग्टन यांना तोल दिसला होता, पण त्या तोलातील अदृश्य भागीदार दिसला नव्हता. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, उरलेल्या खाद्यातूनही तो तयार होतो आणि माशासाठी तो विष असतो. १८९० मध्ये सेर्गेई विनोग्राडस्की यांनी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे करून दाखवले. टाकीच्या फिल्टरमधील स्पंजावर, तळाच्या खड्यांवर हेच जिवाणू वस्ती करतात. ती वस्ती जमायला काही आठवडे लागतात. नवी कोरी टाकी आणून त्याच दिवशी तिच्यात दहा मासे सोडले, तर आठवड्याभरात मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू-मिटू लागतात, त्यांचे कल्ले लालभडक होतात आणि ते एकेक करून मरतात. या माशांना कोणताही रोग झालेला नसतो, ते आपल्याच मलमूत्राच्या विषाने मरत असतात.

‘आजार म्हशीला आणि औषध पखालीला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. फिश टँकच्या बाबतीत ती उलटी होते. आजार पुष्कळदा पखालीला, म्हणजे पाण्याला असतो आणि औषध मात्र माशाला दिले जाते. शिवाय टाकीत ओतलेली अनेक औषधे फिल्टरमधील उपकारक जिवाणूंनाच मारतात. मग अमोनिया आणखी वाढतो आणि मासा आगीतून फुफाट्यात पडतो. म्हणून माशाच्या निदानाची पहिली पायरी आजही पाण्याची तपासणी हीच आहे. अमोनिया, नायट्राइट, सामू आणि तापमान या चार गोष्टी आधी पाहाव्या लागतात. गंगेच्या मैदानातील भूजल बहुधा क्षारयुक्त आणि सातहून अधिक सामूचे असते. अशा पाण्यात, त्यातही उन्हाळ्यात तापमान वाढल्यावर, त्याच प्रमाणातला अमोनिया अधिक विषारी ठरतो. त्यामुळे मे महिन्यातील लखनौची टाकी आणि महाबळेश्वरची टाकी यांना एकच नियम लागू पडत नाही.

दुसरा टप्पा : परजीवी

पाणी निर्दोष असूनही मासे मरतात, तेव्हा काय? १८७६ साली फूके या फ्रेंच संशोधकाने माशांच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आणणाऱ्या एका आदिजीवाचे वर्णन केले. त्याला नाव मिळाले ‘इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस’. अर्थ असा की माशांची ऊ, जिला लेकरे पुष्कळ. फिश टँक बाळगणारा जगातला कोणताही माणूस आज त्याला ‘इक’ या लाडक्या नावाने ओळखतो.

नावातली ‘पुष्कळ लेकरे’ हीच या रोगाची किल्ली आहे. हा जीव माशाच्या त्वचेच्या थराखाली शिरून वाढतो. तो वाढला की आपल्याला ठिपका दिसतो. पूर्ण वाढ झाल्यावर तो माशाला सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कोश करतो आणि आत विभागत राहून शेकडो पोहणारी पिल्ले तयार करतो. त्या पिल्लांना एक-दोन दिवसांत नवा मासा गाठावा लागतो, नाही तर ती मरतात. त्वचेखालच्या आणि कोशातल्या अवस्थेला औषध लागू पडत नाही. ते मारू शकते ते केवळ पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून एकदा औषध टाकून दुसऱ्या दिवशी ‘ठिपके गेले’ म्हणणारा फसतो. ठिपके गेले याचा अर्थ ते तळाशी जाऊन शेकड्यांनी वाढत आहेत. हे चक्र २५ अंश सेल्सिअसच्या आसपास आठवड्याच्या आत पूर्ण होते, तर १० अंशांवर त्याला महिन्याहून अधिक काळ लागतो. लखनौचा जानेवारी थंडीने गोठवणारा असतो. तेथे हीटर नसलेल्या टाकीत तीन दिवसांचा उपचार पुरेसा ठरत नाही. पाण्याचे तापमान हळूहळू वाढवून चक्राला गती द्यायची आणि ते पुरते संपेपर्यंत उपचार चालू ठेवायचा, ही रीत या जीवनचक्राच्या ज्ञानातूनच निघाली.

योगायोग असा की त्याच १८७६ साली जर्मनीत हाइनरिश कारो या रसायनशास्त्रज्ञाने कापड रंगवण्यासाठी एक निळा रंग बनवला. तो म्हणजे मिथिलीन ब्लू. १८९१ मध्ये पॉल एर्लिख यांनी तो हिवतापाच्या रुग्णांवर वापरून पाहिला आणि रंगातून औषध ही नवी वाट खुली झाली. आज मत्स्यदुकानातील ती निळी बाटली त्याच वाटेने आलेली आहे. माशांच्या अंड्यांवरील बुरशी, नायट्राइटची विषबाधा अशा ठरावीक प्रसंगी ती उपयोगी पडते. प्रत्येक दुखण्यावरचा रामबाण मात्र ती नाही. पुढे १९३०च्या दशकात माशांच्या बुरशीवर मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग वापरात आला. तो प्रभावी होता, पण खाण्याच्या माशांसाठी घातक ठरल्याने त्याच्यावर अनेक देशांत बंदी आली.

१९०४ मध्ये म्युनिकच्या ब्रुनो होफर यांनी माशांच्या रोगांवरचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून मत्स्यरोगविज्ञान ही स्वतंत्र शाखा मानली जाऊ लागली. सूक्ष्मदर्शक ही तिची खूण होती. माशाच्या त्वचेवरचा श्लेष्म हलकेच खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, कल्ल्याचे टोक कापून पाण्याच्या थेंबात पाहायचे आणि मगच बोलायचे, ही शिस्त तिने घालून दिली.

बादशाहबागेतील वारसा

ही शिस्त लखनौत लवकर पोहोचली. बादशाहबाग हे मूळचे नवाबी उद्यान. तेथे १९२१ मध्ये लखनौ विद्यापीठाचे अध्यापन सुरू झाले आणि प्राणिशास्त्र विभागाची धुरा कर्मनारायण बहल यांच्याकडे आली. गांडुळावरचा त्यांचा प्रबंध भारतीय प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासला. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ‘फेरेटिमा’ शिकलेल्या प्रत्येकाच्या वहीत लखनौचा अंश आहे, असे म्हटले तरी चालेल. याच विभागात गोविंदसिंग थापर यांनी कृमिशास्त्राची परंपरा उभी केली. प्राण्यांच्या आतड्यांतले, यकृतातले, माशांच्या कल्ल्यांवरचे कृमी वेगळे करायचे, रंगवायचे, त्यांचे आकडे आणि चूषक मोजून त्यांना नावे द्यायची, असे हे चिकाटीचे काम होते.

१९५२ मध्ये एस. एल. जैन यांनी लखनौच्या शिवडा माशाच्या कल्ल्यांवर सापडलेल्या एका सूक्ष्म कृमीचे वर्णन केले. त्यासाठी त्यांनी नवी प्रजाती स्थापली आणि तिला थापर यांच्या नावावरून ‘थापरोक्लिडस’ असे नाव दिले. गोमतीच्या काठी मिळालेले हे नाव आज जगभरच्या मत्स्यरोग-साहित्यात आढळते, कारण कॅटफिश वर्गातील माशांच्या कल्ल्यांवर याच प्रजातीच्या अनेक जाती आढळतात. कल्ल्यांवरचे हे कृमी डोळ्यांना दिसत नाहीत. मासा अंग खड्यांवर घासतो, एकच कल्ला उघडा ठेवून जोरजोराने श्वास घेतो, आणि दुकानदार म्हणतो, ‘बुरशी असेल, निळे औषध टाका.’ बुरशीच्या औषधाने मात्र कृमी मरत नाही.

लखनौच्या त्या पिढीने माशांवर उपचार केले नाहीत. त्यांनी रोगकर्त्यांची नोंदवही तयार केली. उपचाराच्या इतिहासात हे काम कमी प्रतीचे नाही. वैद्याला नाडी कळण्याआधी कोणीतरी नाड्यांची नावे ठरवावी लागतात.

तिसरा टप्पा : नाव शोधणारी वीस वर्षे

माशांच्या रोगाला नाव देणे किती अवघड असते, याचा धडा भारताला १९८८ मध्ये मिळाला. त्या वर्षी मे महिन्यात ईशान्य भारतातील नद्या, बिले आणि तळ्यांतून अंगभर खोल जखमा झालेले मासे तरंगताना दिसू लागले. मरळ, खवली, पुंटी, मांगूर, नंतर रोहू आणि मृगळही. पाहता पाहता काही वर्षांत ही साथ देशाच्या मोठ्या भागात पसरली. बाजारात माशांना उठाव राहिला नाही. माणसाला या रोगाचा संसर्ग होत नाही, तरीही भीतीने लोकांनी मासे खाणे सोडले आणि मच्छीमारांच्या चुली थंडावल्या.

रोगाची ही भारतातील पहिली भेट होती, जगातली नव्हे. जपानमध्ये तो १९७१ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात १९७२ मध्ये दिसला होता. ऑस्ट्रेलियात त्याला ‘लाल ठिपक्यांचा रोग’ म्हणत. जखमांत जिवाणू सापडत, म्हणून जिवाणू दोषी ठरवले गेले. काही माशांत विषाणू सापडले, म्हणून संशय विषाणूंवर गेला. कोणी पाण्याच्या आम्लतेकडे बोट दाखवले, कोणी कीटकनाशकांकडे. अखेर १९९०च्या दशकात स्पष्ट झाले की मुख्य गुन्हेगार ‘ॲफानोमायसिस इन्व्हाडन्स’ हा बुरशीसदृश जीव आहे. जखमेतील जिवाणू मागाहून आलेले होते. घर फोडले एकाने, आणि उघड्या दारातून आत शिरलेले इतर पकडले गेले, असा तो प्रकार होता. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या साथीवर ‘सिफॅक्स’ नावाचे औषध विकसित केले आणि ते तळ्यांत वापरले गेले. तरी रोग नाहीसा झाला नाही. उत्तर प्रदेशात त्याने शेततळ्यांत आणि नैसर्गिक पाण्यात पुन्हा मोठ्या प्रमाणावर मासे मारल्याचा वृत्तांत लखनौच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला.

डोळ्यांना जखम दिसते, सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दिसतो, तरी मूळ कारण तिसरेच असू शकते, हे या साथीने शिकवले. दिवाणखान्यातील टाकीलाही हाच न्याय लागू आहे.

चौथा टप्पा : विषाणूची सही

राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोची स्थापना डिसेंबर १९८३ मध्ये अलाहाबादेत झाली आणि पुढे तो लखनौला आला. देशातील माशांच्या जातींची आनुवंशिक संपत्ती नोंदवणे आणि जपणे हे त्याचे मुख्य काम. त्याच १९८३ साली अमेरिकेत कॅरी मुलिस यांना डीएनएचा हवा तो तुकडा लाखो पटींनी वाढवण्याची युक्ती सुचली होती. तीच पीसीआर, जी कोविडच्या काळात घराघरांत पोहोचली. मत्स्यरोगविज्ञानात ती फार आधी आली आणि तिने चित्र पालटले. विषाणू दिसत नाही, कृमीसारखे त्याचे आकडे मोजता येत नाहीत. पण त्याच्या जनुकीय सहीवरून तो ओळखता येतो.

ती सही ओळखण्याच्या जोडीला विषाणू जिवंत वाढवून दाखवावा लागतो, आणि त्यासाठी माशाच्याच जिवंत पेशी लागतात. २०१० मध्ये लखनौच्या ब्यूरोत मत्स्यपेशींचे राष्ट्रीय भांडार सुरू झाले. निरनिराळ्या माशांच्या ऊतींपासून तयार केलेली पन्नासहून अधिक पेशीकुळे तेथे अतिशीत अवस्थेत जपली जातात. ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी गोल्डफिशच्या पराच्या ऊतीपासूनही पेशीकुळ तयार केले. २०१३ मध्ये जलचर प्राण्यांच्या रोगांवरील राष्ट्रीय निगराणी कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या समन्वयाची जबाबदारी याच ब्यूरोवर आली. देशभरातील संस्था नमुने गोळा करतात, तपासतात, आणि नवा रोग आढळला की लखनौला कळवतात. २०१६ मधील गोल्डफिशचा निबंध हा भुवनेश्वर, कोलकाता आणि लखनौ येथील शास्त्रज्ञांच्या अशाच एकत्रित कामाचे फळ होता. त्याच सुमारास कोई माशांतील ‘कार्प इडीमा’ विषाणूही भारतात प्रथम नोंदला गेला.

‘सायप्रिनिड हर्पिसव्हायरस-२’ची पहिली नोंद जपानमधील १९९२-९३च्या साथीतील. तो माशाची प्लीहा आणि मूत्रपिंड यांतील रक्त घडवणाऱ्या ऊतीचा नाश करतो. कल्ले फिके पडतात, मासा मलूल होतो, पण बाहेरून फारसे काही दिसत नाही. त्याची साथ साधारण १५ ते २५ अंशांच्या पाण्यात जोर धरते. या विषाणूवर बाजारात औषध नाही. भारतातील त्या गोल्डफिशमध्ये त्याच्या जोडीला जो जिवाणू होता, तो बहुतेक तळ्यांत एरवीही असतोच. दुबळ्या माशावर तो स्वार होतो, त्वचेवर रक्ताळलेले चट्टे आणतो, पोट फुगवतो. माणसाच्या डोळ्यांना तोच दिसतो, त्यामुळे प्रतिजैविक दिले जाते. विषाणूला त्याने काही होत नाही. जिवाणू मात्र पुन्हा पुन्हा दिलेल्या अर्धवट मात्रांतून औषध पचवायला शिकतो. अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा जिवाणू शोभेच्या माशांत सापडणे हा या निबंधातील सर्वांत गंभीर भाग होता. हा जिवाणू माशापुरता मर्यादित नाही. माणसाच्या जखमांतही तो शिरतो, आणि प्रतिकाराची जनुके तो इतर जिवाणूंना देऊ शकतो.

टाकी ही सीमाचौकी

शोभेच्या माशांचा रोग शोभेपुरता राहत नाही, याचे दाखले जगात आहेत. कोई हर्पिसव्हायरस १९९८ मध्ये इस्राएल आणि अमेरिकेतील साथींत ओळखला गेला. २००२ मध्ये तो इंडोनेशियात शिरला आणि तेथील खाण्याच्या सायप्रिनस माशांची शेती त्याने उद्ध्वस्त केली. कोई हा रंगीबेरंगी श्रीमंती मासा आणि सायप्रिनस हा गरिबाच्या ताटातला, पण जीवशास्त्रात दोघांचे कूळ एकच. पुढल्याच वर्षी जपानच्या कासुमिगाउरा सरोवरातील माशांना त्याने गाठले. गोल्डफिशचा विषाणूही चीनमध्ये त्याच्या भाऊबंदातील खाद्यमाशांच्या शेतीत शिरला आणि तेथे मोठी हानी झाली.

भारतात शोभेच्या माशांचा व्यापार कोलकाता आणि चेन्नईच्या परिसरातील शेततळ्यांतून निघतो. तेथून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत प्राणवायू भरून तो मुंबईच्या कुर्ल्यातील बाजारात, लखनौच्या दुकानांत आणि तेथून घरोघरी पोहोचतो. हजार किलोमीटरचा प्रवास करून आलेला मासा त्याच संध्याकाळी आपल्या टाकीत सोडला जातो. आजारी पडला तर औषध ओतले जाते आणि ते पाणी नाल्यात जाते. कंटाळा आला तर मासाच नदीत सोडला जातो आणि त्याला पुण्यकर्म म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील चूषकमुखी कॅटफिश, ज्याला दुकानदार ‘टँक क्लीनर’ म्हणून विकतात, २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत सापडला तो असाच. त्याच्याबरोबर त्याचे परजीवीही येतात. त्या अर्थाने प्रत्येक फिश टँक ही एक छोटी सीमाचौकी आहे, फक्त तेथे तपासनीस नाही.

२८ जून २०२३ रोजी तत्कालीन केंद्रीय मत्स्यव्यवसाय मंत्री परुषोत्तम रुपाला यांनी ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल ॲप सुरू केले. ब्यूरोच्या निगराणी कार्यक्रमाचाच तो पुढचा टप्पा. मासे पाळणाऱ्या शेतकऱ्याने रोगाची माहिती टाकावी आणि मत्स्य-अधिकाऱ्याने व शास्त्रज्ञाने त्याला सल्ला द्यावा, अशी ती रचना. ती मुख्यतः मत्स्यशेतीसाठी आहे. दिवाणखान्यातील टाकी अजून या जाळ्याच्या कडेलाच आहे. शहरांतील बहुतेक पशुवैद्य कुत्र्या-मांजरांत गुंतलेले असतात. त्यामुळे घरच्या माशाचा वैद्य म्हणून उरतो तो दुकानदार, किंवा घरातील शहाणा माणूस.

त्या शहाण्या माणसाने इतिहासाचा क्रम उलटा करू नये, इतकेच मागणे आहे. मासा मलूल दिसला की आधी पाणी तपासावे आणि एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीन उडून गेल्यावरच वापरावे, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नये. आजारी मासा वेगळ्या भांड्यात हवेच्या पंपासह ठेवावा. पांढरे मिठासारखे ठिपके, कापसासारखे पुंजके, झडलेले पर, ताठ उभे राहिलेले खवले, एकच कल्ला हलवणे, अंग घासणे ही लक्षणे वेगवेगळी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी. ती तारखेनिशी लिहून ठेवावी, छायाचित्रे घ्यावी. परजीवीचा संशय असेल तर जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शक असतोच. काचपट्टीवरची दोन मिनिटे आठवड्याभराच्या अंधाऱ्या उपचारापेक्षा मोलाची असतात. अनेक मासे एकदम मरू लागले, तर मरू घातलेला किंवा नुकताच मेलेला मासा बर्फात ठेवून मत्स्यविभागापर्यंत पोहोचवावा. काही तास बाहेर राहिलेला मासा निदानाच्या कामाचा राहत नाही. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळा ठेवूनच जुन्यांत मिसळावा. आणि प्रतिजैविक, मग ते कोणाच्या उरलेल्या गोळीचे का असेना, निदानाशिवाय टाकीत टाकू नये. औषध घातलेले पाणी किंवा मेलेला मासा नदी-तळ्यात जाऊ देऊ नये.

या इतिहासात प्रत्येक टप्प्यावर एक नवे कारण पुढे आले आणि आधीच्या टप्प्यावरचे औषध अपुरे ठरले. पाण्याचा दोष औषधाने जात नाही, कृमी बुरशीच्या औषधाने मरत नाही, विषाणू प्रतिजैविकाला भीत नाही. निळ्या बाटलीची चूक ही की ती या चारांनाही एकच उत्तर देते. लखनौच्या दोन पिढ्यांनी, आधी बादशाहबागेत काचपट्ट्यांवर आणि मग दिलकुशाजवळ पेशीकुळांत, त्या चार दुखण्यांना चार वेगवेगळी नावे देण्याचे काम केले आहे. निशातगंजच्या घरातला दहा-वीस रुपयांचा गोल्डफिश त्या कामाचा शेवटचा लाभार्थी आहे. गोमतीत आज पोहणारा रोहू आणि उद्या जखमेतल्या त्याच जिवाणूशी झुंजणारा माणूस, हे त्याचे पुढचे लाभार्थी आहेत.